बदकिणीची जकात

जगात काळजी म्हणून जेवढी जमीन आहे, तिच्या सातबाऱ्यावर पहिल्या ओळीत माझ्या सासऱ्यांचं नाव लागलेलं असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. बाकीचे आपण सगळे कुळं. जमेल तशी थोडीफार काळजी कसतो आणि विसरतो. सासऱ्यांची मात्र वहिवाट बारमाही. नळाला पाणी आलं नाही तर त्यांना काळजी, आणि वेळेवर आलं तर आज वेळेवर कसं काय आलं, याची जास्त काळजी. मी वाकडला राहतो आणि कंपनीच्या बसनं चाकणला कामाला जातो, ही तर त्यांच्या दृष्टीनं रोजची मोहीमच. संध्याकाळी बस सुटायच्या सुमारास त्यांचा फोन येणार म्हणजे येणार. एकदा म्हणाले, "पाव्हणं, चौकात ट्रक उलटलाय म्हणं. तुमी त्याच्या खाली न्हाई ना?" मी म्हटलं, "मामा, खाली असतो तर फोन कसा उचलला असता?" मग म्हणाले, "ते बी खरंच. पर येकदा लेकीला आवाज ऐकवा घरी गेल्यावर." आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात, म्हणून ते माझे मामा, आणि मी त्यांचा पाव्हणा. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरातल्या पिठाच्या डब्यापर्यंत माझा हात पोचतो, तरी पाव्हणाच.

मामा पिंपळे गुरवमधल्या जुन्या घरचे. शेती गेली, तिच्या जागी इमारत उभी राहिली, आणि त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मामा आणि सासूबाई राहू लागले. पण मामांचं खरं आयुष्य गेलं ते नाशिक रस्त्यावरच्या जकात नाक्यावर. बाहेरून शहरात येणारा माल नाक्यावर थांबायचा, कारकून कागद बघायचा, जकात भरून घेऊन पावती फाडायचा आणि मग आडवा बांबू वर जायचा. ही सगळी रीत आता गेली. नव्या पोरांना सांगितली तर त्यांना ती मोगलांच्या वेळची वाटते. मामा तो बांबू वर करणारे कारकून होते. नोकरीतून माणूस बाहेर पडतो, पण मामांच्या आतून नाका काही बाहेर पडला नाही. पावतीवाचून वस्तू हलते हे त्यांना आजही सहन होत नाही. चाकणच्या बाजारातून आमच्यासाठी कांद्याचं पोतं आणतात तेव्हा अडत्याची पावती पोत्याच्या तोंडाशीच खोचलेली असते. "रस्त्यात कुणी इचारलं तर?" मामा, कांद्याला कोण विचारणार, असं म्हटलं की ते माझ्याकडं दयेनं बघतात. भाजीवाल्या मावशी त्यांना कोथिंबिरीची पावती देऊ शकत नाहीत, म्हणून ते एक जुडी घेताना दोनदा इकडंतिकडं बघतात.

या नाक्याचा प्रसाद मला पहिल्याच दिवशी मिळाला होता. आम्ही सिन्नरकडचे. लग्नाला वऱ्हाडाची बस आणि मागून एक टेम्पो, असे चाकणमार्गे आलो. टेम्पोत वडिलांनी आहेरात वाटायला घेतलेली स्टीलची नवीकोरी भांडी होती. नाक्यावर गर्दी, मुहूर्त जवळ आलेला, आमच्या ड्रायव्हरनं बसच्या मागोमाग टेम्पो तसाच दामटला. कार्यालयाच्या दारात मामा फेटा बांधून, हातात गुलाबपाण्याची झारी घेऊन उभे. वडिलांच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडता शिंपडता त्यांची नजर टेम्पोवर गेली. झारी खाली आली. "व्याही, भांडी नवी दिसत्यात. पावती हाय न्हवं?" वडिलांना आधी तो विनोदच वाटला, आणि ते हसले. मामा हसले नाहीत. शेवटी टेम्पो उलटा नाक्यावर गेला, सोबत वधूपित्याचा सख्खा भाऊ गेला, जकात मामांनी आपल्या खिशातून भरली, आणि तोवर मी पाटाजवळ आणि भटजी घड्याळाजवळ ताटकळत उभे. त्या वेळी मामांच्या चेहऱ्यावर दोन काळज्या एकाच वेळी दिसत होत्या, मुहूर्त टळतो की काय ही, आणि पावतीवर मालाचं वर्णन बरोबर लिहितात की नाही ही. वडील पुढं बरेच दिवस मामांना 'साहेब' म्हणत असत, आणि ते प्रेमानं नसे.

जकात बंद झाली तेव्हा अख्ख्या शहरात दुःख झालेला एकच माणूस मी पाहिला. मामांना दुसऱ्या खात्यात टेबल मिळालं, पगारही सुटला नाही, पण ते जेवताना मध्येच थांबायचे. "आता कोन काय घिऊन आत येतंय, कुनाला ठाव?" सासूबाई म्हणायच्या, "येऊ द्या की. तुमाला काय घरात ठिवून घ्यायचंय का?" मामांना हे पटत नसे. हद्द असली की तिच्यावर एक माणूस बसलेला असायला हवा, आणि त्या माणसाला नीट कागद दाखवले, भरायचं ते भरलं, की त्यानं बांबू वर करायलाच हवा. त्यांचा जगावरचा सगळा विश्वास या एका गोष्टीवर उभा होता. त्याला तडा जाईल, आणि तोही एका बदकिणीमुळे, असं मला कधी वाटलं नव्हतं.

माझा मेहुणा, म्हणजे मामांचा एकुलता मुलगा, कॅनडात असतो. त्याची मुलगी रेवा तेव्हा सहा वर्षांची होती. दर रविवारी सकाळी नऊला, म्हणजे त्यांच्याकडं शनिवारची रात्र पडत असताना, व्हिडिओ कॉल होई. आम्हीही त्यासाठी वाकडहून पिंपळे गुरवला जायचो. मामा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, आठपासूनच फोनसमोर बसलेले असायचे. पण कॉल लागला की आजोबा आणि नात यांची गाडी दोन वाक्यांत रुतायची. "जेवलीस का?" "हो." "काय जेवलीस?" "पास्ता." पास्त्याच्या पुढं मामांना रस्ता माहीत नव्हता. रेवा हळूच बाजूला सरकायची आणि पडद्यावर नुसती भिंत उरायची. मग एका रविवारी ती स्वतःहून म्हणाली, "आबा, तुम्ही बदकीण बघता?" तिकडं लहान मुलांची एक कार्टून मालिका होती. एक बदकीण रस्त्यावरचं बर्फ लोटायची मोठी गाडी चालवते, आणि अडकलेल्यांना वाट करून देते. मामांनी उत्साहाच्या भरात "व्हय तर, रोज बघतो" असं ठोकून दिलं. "मग काल ती पुलावर का थांबली?" मामा घामाघूम. म्हणाले, "पावती नसंल." रेवानं एक क्षण त्यांच्याकडं बघितलं, आणि वडिलांना इंग्रजीत सांगितलं, की आबांनी ते बघितलेलं नाही. तिच्या आवाजात राग नव्हता. मामांना तेच लागलं. कॉल संपल्यावर बराच वेळ ते फोन हातात धरून बसले होते. "पाव्हणं," ते म्हणाले, "पोरगी आपनहून बोलाया आली व्हती. पुन्यांदा येनार न्हाई."

दुसऱ्याच दिवशी ते वाकडला हजर. कापडी पिशवीत आधार, पॅन, पेन्शनचं पुस्तक, विजेचं बिल आणि शहरात जन्मल्याचा दाखला. मी कंपनीत पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर सांभाळतो, त्यामुळं कॉम्प्युटरशी संबंधित जे जे जगात आहे ते माझ्या हाताखाली चालतं अशी त्यांची समजूत. "ती बदकीन इकत घ्यायची. सगळे भाग. रोख." मी मालिका शोधली. पानावर बदकिणीचं चित्र होतं, खाली किंमत होती, विकत घ्यायचं बटणही होतं. मामांनी चष्मा सारखा केला. मी बटण दाबलं आणि इंग्रजीत एक ओळ उमटली. तिचा अर्थ एवढाच, की हा माल तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.

"म्हंजी संपला का माल?"

"संपत नाही मामा, हा तसला माल नाही. त्या कंपनीला तेवढ्याच देशात विकायचे हक्क आहेत. आपण हद्दीच्या बाहेर."

हद्द म्हटल्यावर मामांचा चेहरा उजळला. म्हणजे ओळखीचं प्रकरण निघालं. "आसं म्हना की. मंग नाका कुटं हाय ह्यो? जकात किती?"

"जकात नाही. ते पैसेच घेत नाहीत आपले."

"पैशे घेत न्हाईत?" मामांनी पिशवीतले कागद एकेक करून माझ्या टेबलावर मांडले, जणू कॉम्प्युटरला ते दिसावेत. "मानूस पैशे घिऊन दारात हुबा ऱ्हायलाय, कागद सगळं साफ हायत, आन् ते घेत न्हाईत. पाव्हणं, मी उभ्या जल्मात आसा नाका बघितला न्हाई." त्या दिवशी मला चहाबरोबर जेवढी बोलणी बसली ती सगळी त्या कंपनीच्या वाट्याची होती, पण कंपनी समोर नसल्यामुळं ती मी ऐकून घेतली. मलाही चीड आली होती. खरं सांगायचं तर मी स्वतःही अशा ओळींपुढं कितीदा तरी मुकाट परत फिरलो आहे. मामा फिरायला तयार नव्हते, एवढाच फरक.

आता यातून मार्ग नसतात असं नाही. मी त्यांना दबक्या आवाजात सांगितलं, की मेहुण्याचा तिकडचा पत्ता घालू, आपण कॅनडातच आहोत असं कॉम्प्युटरला भासवू. मामांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला आमचा टेम्पो आठवला. "खोटा पत्ता? आडवाटेनं माल? आवो, आसल्यांना पकडायचा पगार खाल्लाय मी." त्यांच्या इमारतीखाली रफीकभाईंचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. रफीकभाईंचे वडील पूर्वी नाशिकहून ट्रक आणत, त्यामुळं मामांचा नाका त्यांच्या घरी पिढीजात माहीत. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "काका, परवापर्यंत पेनड्राइव्हमध्ये भरून देतो. कोण विचारतंय." मामा म्हणाले, "रफीक, तुजा बाप दर खेपेला रांगेत हुबा ऱ्हायचा. येकदा बी आडवाटंनं गेला न्हाई. आन् तू मला ह्ये सांगतूस?" रफीकभाईंनी कान पकडले आणि चहा मागवला.

मग मामांना आठवला तो पास. जकातीच्या काळात एखाद्या गाडीला शहरात माल उतरवायचा नसेल, नुसतं या नाक्यावरून शिरून त्या नाक्यावरून बाहेर पडायचं असेल, तर तिला आरपार जायचा पास मिळायचा. मामांच्या मते आमचं प्रकरण अगदी तसंच होतं. बदकीण इथं उतरवून घ्यायचीच नव्हती. फक्त बघायची आणि जशीच्या तशी परत जाऊ द्यायची. त्यांनी मला कंपनीच्या मदत कक्षाला तसं लिहायला बसवलं, आणि मीही, देव जाणो का, लिहिलं. माल हद्दीत उतरवणार नाही, कोणाला विकणार नाही, नातीशी बोलण्यापुरता बघणार, तरी आरपारचा पास द्यावा. हे इंग्रजीत लिहिताना मला माझ्या शिक्षणाची लाज आणि मामांची दया एकदमच वाटत होती. लगेच उत्तर आलं. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, वगैरे, आणि खाली एका बाईचं नाव. मी सांगितलं, की मामा, हे यंत्र आहे, ते सगळ्यांना हेच लिहितं. मामांना पटलं नाही. "पोरगी नवी असंल. सायबाला इचारल्याबिगर कसा देनार पास?" पुढचे कितीतरी दिवस ते त्या पोरीची काळजी करत होते. आपल्यामुळं तिला साहेब बोलला तर नसेल ना, ही ती काळजी.

मेहुण्यानं तिकडून भेट म्हणून मालिका पाठवून बघितली. ती भेटही इथं उघडेना. त्या देशात घेतलेली भेट त्याच देशात उघडायची, असा नियम. दरम्यान रविवार येत होते आणि जात होते. मामांचे प्रश्न पास्त्यापाशी थांबत होते, रेवा लवकर लवकर उठून जात होती. शनिवारी रात्री मामांना झोप लागत नाही, असं सासूबाईंनी माझ्या बायकोला सांगितलं. ती घरी येऊन रडली. सहा वर्षांच्या मुलीला आजोबा माहीत नसले तर दोष कुणाचा, असं तिनं मला विचारलं.

आणि मग कळलं, की नाताळच्या सुट्टीत मेहुणा सगळ्यांना घेऊन येतोय. येताना रेवाच्या टॅबवर बदकिणीचे सगळे भाग भरून आणतोय. त्यांनी ते रीतसर विकत घेतलेले, पावती मेहुण्याकडं. मामांच्या दृष्टीनं याहून स्वच्छ माल असूच शकत नव्हता. ते तयारीला लागले. नातीला काही कमी पडू नये म्हणून त्यांनी घरात पहिल्यांदा वायफाय घेतलं. बसवायला आलेल्या माणसाला तीन वेळा विचारलं, की यानं पोरांच्या डोक्याला काही होत नाही ना. सोफ्यावर टॅब कुठं ठेवायचा आणि आपण कुठं बसायचं हेही ठरलं.

रेवा आली. विमानात तिनं बदकीण बघितलेली होती, म्हणजे माल चालू स्थितीत होता. घरी पोचल्यावर मामांनीच कौतुकानं मेहुण्याला वायफायचा पासवर्ड सांगितला. टॅब जोडला गेला. रेवा मामांच्या शेजारी येऊन बसली, ठरल्या जागी. तिनं बदकिणीच्या चित्रावर बोट ठेवलं, आणि तीच ओळ आली. तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही. आपण भारतात आहोत हे टॅबला तोवर ठाऊक नव्हतं. मामांच्या वायफायनं ते त्याला सांगितलं. हे मी तिथं सगळ्यांना समजावून सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. रेवा रडायला लागली. "इट वॉज माइन," ती हुंदके देत म्हणाली. "आबांच्या घरी अलाउड नाही." मामा उठले, वायफायचं खोकं भिंतीवरून काढलं, तरी ती ओळ जाईना, तेव्हा ते फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं, आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी मागं गेलो. "ती येवढ्या लांबून तिचं घिऊन आली," ते म्हणाले, "आन् माज्या दारात अडवलं." मी त्यांना आजवर शंभर काळज्यांत बघितलं होतं, पण त्या दिवशी मला पहिल्यांदाच त्यांची भीती वाटली, म्हणजे त्यांच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सकाळी बेकरीतून खारी घेऊन पिंपळे गुरवला पोचलो, तर इमारतीच्या दारात दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर एक बांबू आडवा टाकलेला. शेजारी टेबल, टेबलामागं मामा, इस्त्रीच्या शर्टात. "थांबा," मामा म्हणाले. "माल काय?" मी म्हटलं, "खारी." "पावती?" मला वाटलं, झालं, रात्रभराच्या विचारानं डोक्यावर परिणाम झाला. पण त्यांची नजर माझ्याकडं नव्हतीच, वर गॅलरीकडं होती. गॅलरीत रेवा गजांमधून नाक बाहेर काढून बघत होती. माझी गाडी उलटी बेकरीत गेली. दूधवाल्याला अडवलं, पेपरवाल्याला अडवलं, रफीकभाईंनी स्वतः होऊन रांग लावली आणि चार्जरची पावती दाखवून सुटले. मी पावती घेऊन परतलो तेव्हा रेवा खाली येऊन टेबलापाशी उभी होती.

"आबा, व्हॉट आर यू डुइंग?"

"नाका हाय. मी साहेब हाय," मामा तिच्याकडं न बघता म्हणाले. "येक बदकीन येनार हाय म्हणं कॅनडावरनं. तिचीच वाट बघतुय."

रेवा विचारात पडली. मग ती धावत जिन्याखाली गेली, टीव्हीचं रिकामं खोकं होतं ते दोन्ही हातांनी पुढं लोटत, तोंडानं गाडीचा आवाज करत पार्किंगमधून आली, आणि बांबूपाशी थांबली. कोपऱ्यातली वाळकी पानं खोक्यापुढं ढीग होऊन आली होती. मामा उभे राहिले.

"माल काय?"

"बर्फ," रेवा म्हणाली.

"पावती?"

खोक्यावरची तिची बोटं घट्ट झाली, आणि तिचा खालचा ओठ किंचित पुढं आला. कालचं रडू अजून फार लांब गेलेलं नव्हतं. "पावती नाहीये," ती म्हणाली.

मी तिथं खारी हातात धरून उभा होतो. ज्या माणसानं व्याह्याची भांडी मुहूर्तावर उलटी पाठवली, तो माणूस काय करणार याची मला खरोखर धास्ती वाटली. सासूबाई गॅलरीतून खाली बघत होत्या. मामांनी बांबूला हात घातला.

"सोडा," ते म्हणाले. "आपल्या घरचंच हाय."

बांबू वर गेला. रेवा बर्फ लोटत आत गेली. मी तोंड फिरवून खारीची पिशवी उगाच दुमडत बसलो, कारण मला रडू आलं होतं, आणि जावयानं सासऱ्याच्या दारात रडणं बरं दिसत नाही.

नंतर ती सुट्टी संपेपर्यंत तो बांबू कुणी काढला नाही. रेवाला आधीच्या भागांत काय झालं ते मामांना सांगावंच लागायचं, कारण त्याशिवाय ते बदकिणीला पुढं सोडत नसत. पुलावर ती का थांबली होती तेही कळलं. खाली एक ससा झोपला होता. पुढं पुढं बदकीण कॅनडा सोडून इकडंच रमली. चाकणच्या चौकात कांद्याचा ट्रक सांडला तेव्हा तिनंच रस्ता मोकळा केला, माझी बस वेळेवर पोचली. रेवाला नाक्यावर बसायची गोडी लागली, आणि ती मामांहून कडक निघाली. तिच्या राज्यात कॅलेंडरच्या पानाचे चौकोनी तुकडे करून पावत्या केल्या जात, आणि त्या दाखवल्याशिवाय सासूबाईंनाही देवळात जाता येत नसे.

जायच्या दिवशी विमानतळावर मामा नेहमीप्रमाणं फार आधी पोचले होते. रेवा आत गेली, काचेपलीकडून हात हलवून दिसेनाशी झाली. मामा काचेपाशीच उभे. मग माझ्या बाहीला धरून हळूच म्हणाले, "पाव्हणं, तुमी त्यातले म्हनून इचारतो. हितं केलेली बदकीन तिकडं चालंल न्हवं? न्हाईतर उतरल्यावर म्हनायची, ह्या प्रदेशात न्हाई." मी म्हटलं, "चालेल मामा." आवाजात जेवढा ठामपणा आणता आला तेवढा आणला. कॉम्प्युटरबद्दल इतक्या खात्रीनं मी कंपनीतही कधी बोललेलो नाही. आणि आतून मला जराही खात्री नव्हती.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही सगळे फोनभोवती बसलो. मामांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. रेवा आली, प्रवासाची झोप अजून डोळ्यांवर असल्यासारखी. पास्त्याचं झालं, शाळेचं झालं. मग उठायच्या आधी तिनं तळहात कॅमेऱ्यासमोर पसरला. "आबा, पावती?" मामांनी वरच्या खिशातून कॅलेंडरचा चौकोनी तुकडा काढला आणि फोनपुढं धरला. म्हणजे त्यांनी तो आधीच कापून ठेवला होता. "सोडा," रेवा म्हणाली, आणि गेली. तेव्हापासून प्रत्येक कॉल असाच संपतो.

मध्ये बराच काळ गेला. ती मालिका आता आपल्याकडंही मिळू लागली आहे. मीच मामांना सांगितलं, आणि त्यांनी ती रीतसर विकत घेतली, पावती छापून घेतली, वायफायचं खोकं कपाटातून परत भिंतीवर गेलं. पहिला भाग बघून त्यांनी मला फोन केला. "चांगलं हाय," ते म्हणाले. "पर त्यात नाका न्हाईच. ती आपली कुटंबी जाती." दुसरा भाग त्यांनी लावला नाही.

रेवा मोठी होते आहे. बदकीण तिच्यासाठी केव्हाच लहान मुलांची झाली. तिच्या तोंडी आता दुसरीच कुठली तरी नावं असतात, त्यातलं निम्मं इथं मिळत नाही, आणि मामाही आता ते शोधायला सांगत नाहीत. गेल्या रविवारी ती घाईत होती, मैत्रिणी आल्या होत्या. दोन शब्द बोलली, बाय म्हणाली आणि पडदा काळा झाला. मामांचा हात वरच्या खिशात गेलेला होता, तो तसाच राहिला. सासूबाई उगाच चहाचं बघायला उठल्या. मामा माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, "मोटी झाली. चालायचंच." हे वाक्य ते कधी बोलत नाहीत, म्हणून मला फार काळजी वाटली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तोच फोन पुन्हा वाजला. रेवा धापा टाकत होती, मागं पोरींचा कलकलाट.

"आबा," ती म्हणाली, "पावती राहिली."